परिचारिकांचा शीण आणि नेमबाजीचा विरंगुळा



आजचा विषय दारावरच्या फलकावर वाचून आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने आम्हांस जिन्यातच अडविले. म्हणाला, ‘‘जन्मभर बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोललात. आता पन्नाशी उलटल्यावर बंदूक कशाला?’’ प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर प्रथमच देऊन टाकतो. आम्ही नेमबाज नाही. लहानपणी चौपाटीवर फुगे फोडायची बंदूक हाती घेतली तेवढीच आमची मर्दुमकी, आणि त्यातही फुटलेल्या फुग्यांपेक्षा वाचलेल्या फुग्यांचीच संख्या मोठी. तरीही या विषयावर बोलावेसे वाटले, कारण तो वरवर बंदुकीचा दिसला तरी खरा विश्रांतीचा आहे. आणि विश्रांती हा कामगार चळवळीचा विषय फार जुना आहे.

आमचा जन्म लालबागच्या चाळीतला. वडील गिरणीत मागखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि त्या संपात आमची शाळा सुटली ती सुटलीच. पुढे जे काही वाचले ते दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या कृपेने. पोटासाठी एका रुग्णालयात चतुर्थ श्रेणीत लागलो आणि तेथूनच युनियनच्या कामात पडलो. परळच्या गिरण्यांचे भोंगे थांबले. परंतु तीन पाळ्यांचे काम परळातून गेले नाही. के. ई. एम. रुग्णालय १९२६ सालचे, त्याच वर्षीचे वाडिया प्रसूतिगृह, १९२९ चे वाडिया बालरुग्णालय, १९४१ चे टाटा रुग्णालय. पायी फिरण्याच्या अंतरात ही एवढी रुग्णालये आहेत. पूर्वी पहाटे डबे घेऊन गिरणीकडे निघालेली माणसे दिसत. आज त्याच रस्त्याने रात्रपाळी संपवून परतणाऱ्या परिचारिका दिसतात. त्यांच्या चेहऱ्यावरचा शीण आम्हांस ओळखीचा वाटतो. पण तो गिरणीतल्या शिणाहून निराळा आहे. तो कसा निराळा, हे समजल्यावाचून त्यावरचा विरंगुळाही समजणार नाही.

परिचारिकेचा शीण कसला?

दुपारपाळीचा वॉर्ड डोळ्यांसमोर आणा. खाट क्रमांक चारचे सलाईन संपत आले आहे. सातच्या रुग्णाला ताप चढला आहे. अकराचा रुग्ण शस्त्रक्रियेनंतर उलटी करतो आहे. एकोणिसाव्या खाटेवरच्या आजोबांना नळी काढून घरी जायचे आहे. दारात नातेवाईक तावातावाने बोलत आहेत. डॉक्टरांचा राउंड यायचा आहे, औषधांची नोंद व्हायची आहे आणि कुठेतरी एक यंत्र एकसारखे टींटीं करीत आहे. या सर्वांवर एकच हाक चोहोकडून येते, ‘‘सिस्टर!’’ एका हाकेला ओ देताना दुसऱ्या हाकेकडे कान ठेवावा लागतो. जे दिसत नाही त्याचीही काळजी वाहावी लागते. किंबहुना जे अजून घडले नाही, पण घडू शकेल, त्याचीच काळजी अधिक.

भारतीय परिचर्या परिषदेने प्रमाण घालून दिले आहे. अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयांत पाचांमागे एक. अतिदक्षता विभागात तर एका रुग्णामागे एक. आम्ही ज्या वॉर्डांतून हिंडलो तेथे चाळीस खाटांना दोघी आणि एक शिकाऊ मुलगी असा हिशेब कित्येकदा पाहिला. खाटा भरल्या की खाली जमिनीवर गाद्या पडत, आणि गाद्या मोजण्याची चाल नव्हती. गिरणीत एकाने खाडा केला तर दाराशी बदली कामगार उभा असे. वॉर्डात एकीने खाडा केला तर तिच्या खाटा दुसरीच्या अंगावर पडतात. म्हणून ताप अंगावर काढून कामावर येणाऱ्या सिस्टर आम्ही कितीतरी पाहिल्या आहेत.

असे महिनोन्‌महिने चालले की माणूस आतून विझू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची नोंद केली आहे. तेथे तिला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ चाललेल्या आणि आवरता न आलेल्या ताणाचा तो परिणाम होय, असे म्हटले आहे. तिची तीन लक्षणे सांगितली आहेत: शक्ती संपून जाणे, कामाविषयी मन तुटणे किंवा कडवट होणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. यातले दुसरे लक्षण परिचारिकेच्या बाबतीत फार वाईट. मन तुटलेली सिस्टर इंजेक्शन बरोबर देईल. पण घाबरलेल्या म्हातारीचा हात धरायला ती थांबणार नाही. आणि आपण थांबलो नाही, हे तिलाच घरी गेल्यावर टोचत राहील.

विश्रांती कामाच्या उलट असावी

आमच्या वडिलांचे काम याच्या अगदी उलट होते. मागावर आठ तास धाग्यावर नजर. धागा तुटला की जोडा, कांडी संपली की बदला. यंत्रांच्या खडखडाटात शेजाऱ्याशी बोलायचे तर खुणेने. म्हणून पाळी सुटली की त्यांना माणसे हवी असत. भजनी मंडळ, आखाडा, कबड्डी, गणपतीच्या दिवसांतली जागरणे, नाक्यावरची तासभर चर्चा. ज्याची नजर दिवसभर एका धाग्याला बांधलेली, त्याचे मन मोकळे सोडल्याने ताजे होई.

परिचारिकेचे मन दिवसभर चाळीस ठिकाणी वाटलेले असते. तिला पाळीनंतर आणखी माणसे, आणखी गोंगाट दिला तर विसावा कसा मिळणार? आणि ‘घरी जाऊन नुसती पडून राहा’ असे सांगणे सोपे आहे. पडल्यावरही डोक्यातला वॉर्ड चालूच राहतो. एकोणिसाव्या खाटेची नोंद केली की राहिली, हा प्रश्न रात्री दोन वाजता उभा राहतो. अशा मनाला मोकळे सोडून भागत नाही. त्याला एकाच ठिकाणी टेकू द्यावे लागते.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या युनियनमधील एका सिस्टरने ते शिकविले. वीस-बावीस वर्षे नोकरी झालेल्या बाई. एका दुपारी रजेच्या अर्जासंबंधी भेटल्या, तेव्हा म्हणाल्या, ‘‘दादा, घरी कुकरची शिटी झाली तरी मी दचकून उठते.’’ पुढे काही महिन्यांनी भेटल्या तेव्हा त्यांच्या पर्समध्ये एक जाड चौकोनी कागद होता. त्यावर काळे वर्तुळ आणि इकडेतिकडे विखुरलेली दहा छिद्रे. मुलीला महाविद्यालयात एन. सी. सी.मुळे नेमबाजीची गोडी लागली होती. तिला रेंजवर पोहोचवायला गेल्या आणि बसून राहण्यापेक्षा स्वतःच उभ्या राहिल्या. आम्ही कागद पाहून म्हटले, ‘‘सिस्टर, नेम काही जमलेला दिसत नाही.’’ त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘‘नेम राहू द्या हो दादा. दीड तास मला कुणी हाक मारली नाही.’’

त्या एका वाक्यावरून आम्ही या विषयाकडे वळलो.

नेमबाजी म्हणजे काय करावयाचे?

चौपाटीवरच्या किंवा जत्रेतल्या बंदुकीवरून या खेळाची कल्पना करू नये. तेथे माशी वाकडी, नळी झिजलेली, आणि मागे उभी असलेली मंडळी ‘मार, मार’ म्हणून ओरडत असतात. रेंजवर बोलणेसुद्धा हलक्या आवाजात चालते. नवशिक्यासाठी सोयीचा प्रकार म्हणजे दहा मीटरवरून हवेच्या दाबाने चालणाऱ्या रायफलीचा किंवा पिस्तुलाचा. यात दारू नसते. दाबलेली हवा ४.५ मिलिमीटर जाडीचा शिशाचा छर्रा ढकलते, आणि ‘फट्‌’ असा लहानसा आवाज होतो.

समोर दहा मीटरांवर कागद असतो. रायफलीच्या कागदावर सुमारे तीन सेंटिमीटरांचे काळे वर्तुळ, त्यात लहान लहान वर्तुळे, आणि अगदी मध्ये दहा गुणांचा ठिपका. हा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याएवढा. पिस्तूल एकाच हाताने धरावयाचे असल्यामुळे त्याच्या कागदावर दहाचे वर्तुळ मोठे, ११.५ मिलिमीटरचे असते. स्पर्धेत साठ नेम मारावयाचे, आणि विजेवर चालणाऱ्या लक्ष्यांवर त्यासाठी पंचाहत्तर मिनिटे मिळतात. म्हणजे एका नेमाला सव्वा मिनिट. वॉर्डातल्या सव्वा मिनिटात सिस्टरला किती जण हाक मारतात, ते मनाशी मोजा!

आता एक नेम कसा साधतात ते पाहू. प्रथम पाय. दोन्ही पायांवर भार सारखा. रायफल हाताच्या ताकदीवर तोलायची नसते. डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवून तिचा भार सांगाड्यावर सोडायचा. नंतर नजर. डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून नळीच्या टोकावरचे कडे पाहायचे, आणि त्या कड्यात समोरचे काळे वर्तुळ आणायचे. नंतर श्वास. एक-दोन श्वास सावकाश घ्यावयाचे, अर्धा श्वास सोडून काही क्षण थांबायचे आणि त्या क्षणांत चाप हळूहळू दाबायचा. चापाला हिसका दिला की नेम गेला. थांबून फार वेळ झाला, डोळ्यांत पाणी आले किंवा हात थरथरला, तर चाप सोडून द्यायचा, रायफल खाली घ्यायची आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. छर्रा सुटल्यावरही लगेच हलायचे नाही; क्षणभर तसेच पाहत राहायचे.

यात शिकण्याची अवघड गोष्ट आहे ती रायफल खाली घेण्याची. ‘आता नको, पुन्हा करू’ असे म्हणण्याची मुभा परिचारिकेला कामावर कधीच नसते. येथे ती मुभा आहे. नव्हे, ती मुभा घेणे हाच या विद्येचा भाग आहे.

मन का निवते?

याची कारणे गूढ नाहीत. पहिले कारण श्वास. ताणाच्या वेळी शरीरात ॲड्रिनलिनसारखी द्रव्ये सुटतात, हृदय जोरात चालते, श्वास उथळ होतो. श्वास सावकाश बाहेर सोडताना हृदयाची गती मंदावते, हे वैद्यकशास्त्र सांगते. आपल्याकडे प्राणायाम करणाऱ्यांस हे नवीन नाही. पण थकलेल्या माणसाला ‘डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दे’ म्हटले की डोळे मिटताच वॉर्ड दिसू लागतो. नेमबाजीत डोळे उघडे असतात, त्यांना पाहायला वस्तू असते, आणि श्वास चुकला तर कागदावर लगेच दिसते. जो श्वासाकडे वळत नाही त्यालाही हा खेळ श्वासाकडे वळवितो.

हृदयाच्या ठोक्याचा नेमावर किती परिणाम होतो, याचे एक उदाहरण सांगतो. हृदयाची गती कमी करणारी आणि हाताचा कंप थांबविणारी प्रोप्रानोलोलसारखी औषधे परिचारिका रुग्णांना देत असतात. नेमबाजीच्या खेळाडूंना ही औषधे घेण्यास बंदी आहे. उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाने २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये दोन पदके मिळविली होती. तपासणीत हेच औषध आढळले आणि ती परत घ्यावी लागली. गोळीने जे मिळते ते येथे सरावाने मिळवावयाचे असते.

दुसरे कारण शिस्त. औषध देताना पाच गोष्टी तपासाव्यात, असे परिचारिकांना पहिल्या वर्षीच शिकवितात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य वेळ, योग्य मार्ग. रेंजवरही अशीच घोकंपट्टी असते. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे समजा. नळीचे तोंड कायम लक्ष्याकडे. नेम धरेपर्यंत बोट चापावर नको. हुकूम झाल्याशिवाय भरायची नाही, आणि ‘थांबा’ म्हटले की त्याच क्षणी थांबायचे. या शिस्तीत परिचारिकेला परके वाटत नाही. मात्र एक फरक आहे. वॉर्डातली चूक माणसाच्या जिवावर बेतते. येथली चूक कागदावर छिद्र पाडते, आणि तो कागद काढून दुसरा लावता येतो.

तिसरे कारण आम्हांस महत्त्वाचे वाटते, आणि त्यासाठी महाभारतातली आपणां सर्वांस ठाऊक असलेली कथा पुन्हा आठवावी लागेल. द्रोणाचार्यांनी झाडावर पक्षी ठेवला आणि शिष्यांना विचारले, काय दिसते? कुणाला झाड दिसले, कुणाला फांद्या, कुणाला गुरुजी आणि भाऊ. ते सारे नापास झाले. अर्जुनाला फक्त पक्षी दिसला. आपण लहानपणापासून या कथेचे तात्पर्य ऐकतो की झाड पाहणारा कच्चा. पण जरा विचार करा. वॉर्डात अर्जुन बसवून चालेल काय? एकाच रुग्णावर डोळा लावून बसलेली सिस्टर बाकीच्या एकोणचाळिसांना वाऱ्यावर सोडील. परिचारिकेला नोकरीभर झाडच पाहावे लागते. प्रत्येक फांदी, प्रत्येक पान, कोणते पिकले आहे, कोणते गळणार आहे. तिच्या डोळ्यांना शीण येतो तो या सगळे झाड पाहण्याचा. रेंजवर तिला तास-दीड तास फक्त पक्ष्याचा डोळा पाहण्याची परवानगी मिळते. बाकीचे झाड तेवढा वेळ दुसरे कुणीतरी पाहत असते. तिच्या विसाव्याचे मर्म आम्हांस यातच दिसते.

हा खेळ कुणाचा?

‘रायफल, क्लब, हे तर सरदार-संस्थानिकांचे शौक’, असे कुणी म्हणेल. एके काळी तसे होते. परंतु अंजली भागवत यांनी दादरच्या कीर्ती महाविद्यालयात असताना एन. सी. सी.च्या वाटेने रायफल हाती घेतली, वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर सराव केला आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत स्थान मिळविले. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला विश्वविजेत्या झाल्या. २०२४ साली पॅरिसला कांस्यपदक मिळविणारे कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे त्या वेळी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. म्हणजे हजेरीपटावर सही करणाऱ्या माणसांचाही हा खेळ झाला आहे.

परिचारिकेच्या हातात रायफल शोभते का, या प्रश्नाचे उत्तर अमेरिकेत मिळाले आहे. मार्गारेट मर्डॉक या बाईंनी परिचर्येचे शिक्षण घेतले आणि तेच काम केले. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींतील रायफलच्या स्पर्धेत त्या पुरुषांबरोबर उतरल्या. लॅनी बॅशम यांचे आणि त्यांचे गुण सारखे झाले. पण शेवटच्या नेमांचा हिशेब करून सुवर्णपदक बॅशम यांना आणि रौप्य मर्डॉक यांना देण्यात आले. राष्ट्रगीताच्या वेळी बॅशम यांनी त्यांना हात देऊन स्वतःच्या वरच्या पायरीवर शेजारी उभे करून घेतले.

आपल्या परिसरातही सोय आहे. शिवाजी पार्कजवळच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात रायफल क्लब आहे. स्पर्धेच्या दर्जाची परदेशी हवाई रायफल लाखांच्या घरात जाते, ती विकत घेण्याचे कारण नाही. नवशिक्याने क्लबाचीच वापरावी. कायदाही जाणून घ्यावा. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील २०१६ च्या नियमांप्रमाणे ठराविक मर्यादेच्या आतील शक्तीच्या, ४.५ मिलिमीटरच्या हवाई बंदुकीला परवाना लागत नाही; .२२ च्या रायफलीला लागतो. तरीही विरंगुळ्याची बंदूक घरी आणू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. ती क्लबात राहावी आणि प्रशिक्षकाच्या डोळ्यांदेखत चालावी.

काही शंका, काही इशारे

आमच्याच सभेत एका तरुणाने सुचविले, ‘‘दादा, हल्ली डॉक्टर-सिस्टरांवर हल्ले होतात. त्यांना नेमबाजी शिकवाच!’’ टाळ्याही पडल्या. पण आम्ही हे मत मान्य करीत नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी के. ई. एम.मध्ये अरुणा शानबाग या परिचारिकेवर भीषण हल्ला झाला. त्यानंतर मुंबईच्या परिचारिकांनी संप केला, तो सुरक्षिततेसाठी. त्यांनी बंदुका मागितल्या नाहीत, आणि पुढे १८ मे २०१५ पर्यंत, एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांच्या एकामागून एक पिढ्यांनी अरुणाताईंची शुश्रूषा केली. रुग्णालयीन कर्मचाऱ्यांवरील हिंसेविरुद्ध महाराष्ट्रात २०१० साली कायदा झाला. तो अमलात आणणे, जिन्यावर दिवा लावणे, दारावर पहारा ठेवणे ही व्यवस्थापनाची आणि सरकारची जबाबदारी आहे. ती परिचारिकेच्या खांद्यावर रायफलीच्या रूपाने टाकू नये. रेंजवर तिने भीती घेऊन जायचे नाही; असलेली भीती तासभर खाली ठेवायची.

दुसरा इशारा अधिक गंभीर आहे. नेमबाजी हे औषध नव्हे. झोप उडाली आहे, रडू आवरत नाही, जगणे नकोसे वाटते, अशी अवस्था असेल तर पाऊल रेंजकडे वळवू नये. तडक मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जावे आणि घरच्यांनीही ते हसण्यावारी नेऊ नये. दुसऱ्याला ‘डॉक्टरांना दाखवा’ म्हणणाऱ्या सिस्टर स्वतःला दाखवावयास मात्र फार उशीर करतात, हा आमचा अनुभव आहे.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. रात्रपाळी उतरून थेट रेंजवर जाऊ नये, आधी झोप. छर्रे शिशाचे असतात, म्हणून नंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय या वाटेस जाऊ नये. रुग्ण उचलून उचलून परिचारिकांच्या कमरा आधीच दुखावलेल्या असतात. रायफल स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंतची असते आणि ती धरताना पाठ मागे झुकते. ज्यांची कंबर धरते त्यांनी टेकू देऊन, बसून किंवा हलक्या पिस्तुलाने सुरुवात करावी. आणि .२२ च्या रेंजवर कानांवर आवरण घातल्याशिवाय उभे राहू नये.

विश्रांती ही मेहेरबानी नव्हे

आता शेवटचा मुद्दा, आणि आमच्या धंद्याचा. उद्या एखाद्या रुग्णालयाचे अधिकारी हे व्याख्यान वाचून म्हणतील, ‘‘छान! आमच्या सिस्टरांना महिन्यातून एक दिवस नेमबाजीला नेऊ. ताण गेला, तक्रार मिटली.’’ असा अनुभव आम्हांस इतर बाबतींत आला आहे. रिकाम्या जागा भरण्याची मागणी घेऊन आम्ही एका ठिकाणी गेलो, तर आमच्या हातात योगवर्गाचे पत्रक देण्यात आले. वर्ग भरला तो दुपारी तीनला, ज्या वेळी सकाळपाळी नोंदी पुऱ्या करीत असते आणि दुपारपाळी वॉर्डात असते! २२ मार्च २०२० रोजी साऱ्या देशाने गॅलरीत येऊन थाळ्या वाजविल्या. भावना चांगली होती. पण थाळ्यांनी कुणाची पाळी लहान झाली नाही.

या बाबतीत परळचाच इतिहास वाट दाखवितो. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांची सभा भरविली. मागण्या काय होत्या? रविवारची पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या केल्या. पाठपुरावा सहा वर्षे चालला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले, त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण रविवार उपभोगतो तो या माणसांच्या पुण्याईने. लक्षात घ्या, त्यांनी मालकांकडे करमणूक मागितली नाही. त्यांनी वेळ मागितला. त्या वेळात भजन करायचे, आखाड्यात जायचे की झोपायचे, ते ज्याचे त्याने ठरवायचे.

परिचारिकांच्या बाबतीत आमचे म्हणणे एवढेच आहे. रिकाम्या जागा भरा. ठरलेले प्रमाण पाळा. आठवड्याची सुट्टी आदल्या रात्री फोन करून काढून घेऊ नका. पाळ्यांचा तक्ता महिन्याच्या आरंभी लावा, म्हणजे बाईला आपल्या दिवसाचा नेम धरता येईल. एवढे झाल्यावर क्लबांनीही थोडे पुढे यावे. पाळी करणाऱ्या माणसांसाठी सकाळचे आणि दुपारचे वर्ग ठेवावेत, फीमध्ये सवलत द्यावी. कुणी नेमबाजी करील, कुणी पोहेल, कुणी पेटी शिकेल. ज्यात मन एका जागी टेकते असा कोणताही छंद चालेल. आम्ही नेमबाजीचे नाव घेतले, कारण एका सिस्टरने तिचा कागद आम्हांस दाखविला.

श्रोतेहो, दिवसभराचे काम आटोपून आपण येथे येऊन बसला आहात. तासभर एकच आवाज ऐकत आहात आणि तेवढा वेळ आपणांस कुणी हाक मारलेली नाही. हाही एक नेमच आहे. परंतु आसपास पाहा. या सभागृहात दुपारपाळीची परिचारिका नाही. ती या घटकेला वॉर्डात उभी आहे आणि नऊनंतर सुटेल. उद्या आपणांपैकी कुणी, किंवा आपल्या घरचे कुणी, तिच्या खाटेवर असेल. हाक मारण्याचा आपला हक्क आहे, जरूर मारा. मात्र तिच्या वॉर्डात किती खाटा आहेत आणि किती परिचारिका आहेत हे एकदा मोजा, आणि तो हिशेब आपल्या नगरसेवकाला विचारा.

त्या सिस्टर अजून रेंजवर जातात. परवा त्यांनी नवा कागद दाखविला. दहापैकी सात छिद्रे काळ्या वर्तुळात होती. पुढच्या आठवड्यात मात्र त्यांची सुट्टी रद्द झाली आहे. त्यांच्या वॉर्डातली एक जागा दीड वर्ष रिकामी आहे, आणि तेवढ्याचसाठी उद्या सकाळी अकराला आम्ही अधिकाऱ्यांना भेटावयास जाणार आहोत.